कौतिकनं कुणाला जागं केलं?

अमरावती किंवा अकोल्यातल्या पुस्तकांच्या दुकानात शिरलं की समोर स्पर्धा परीक्षांचे गठ्ठे असतात, आणि हात पोचेल अशा फळीवर बहुधा पाउलो कोएलोची ‘द अल्केमिस्ट’. 1988 साली पोर्तुगीज भाषेत आलेली ही छोटेखानी कादंबरी मराठीतही वाचली जाते. सांतियागो नावाचा मेंढपाळ पोरगा खजिन्याचं स्वप्न पाहतो, पार इजिप्तच्या पिरॅमिडपर्यंत जातो, आणि खजिना निघतो तो जिथून तो निघाला तिथेच. ‘हे वाचलं आणि माझं ध्येय मला सापडलं’ असं सांगणाऱ्यांत परीक्षांची दुसरी-तिसरी खेप करणारी मुलंमुली बरीच असतात. त्यांना हसण्याचं कारण नाही. वर्षानुवर्षं अभ्यासिकेच्या खुर्चीत बसून राहायला जे बळ लागतं ते कुठून तरी आणावंच लागतं, आणि ते पुस्तकातून आलं तर बरंच. पण या कादंबरीनं बळ दिलं. काम कुठलं दिलं? सांतियागो स्वतःचं नशीब शोधतो, वाचणाराही स्वतःलाच शोधत असतो, आणि पुस्तक मिटल्यावर दोघांसमोर आपापलाच चेहरा उरतो. माझं म्हणणं असं, की कादंबरी वाचून माणूस खरोखर जागा होतो तेव्हा त्याची नजर स्वतःवरून हलून दुसऱ्या कुणावर तरी स्थिरावलेली असते. करण्यासारखं काम त्याला दिसतं ते तिथे, आणि पुष्कळदा ते त्या पुस्तकात लिहिलेलंही नसतं. याचा पुरावा शोधायला फार लांब जावं लागत नाही. वऱ्हाडात तो पुरेसा आहे.

सुरुवात बुलढाण्यापासून करू. ताराबाई शिंदे यांचे वडील बापूजी हरि शिंदे तिथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते, सत्यशोधक समाजाचे सभासद होते, आणि मुलीला त्यांनी घरीच शिकवलं. 1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे सौम्य झाली, आणि त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेणं सुरू झालं. ताराबाईंनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्यात छापून आणलं. हे पुस्तक स्त्रीमुक्तीच्या इतिहासात मानानं गणलं जातं. त्यात एक पट्टीची कादंबरीवाचक बोलते आहे, इकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (1861), नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (1868), शिवाय ‘मनोरमा’ हे नाटक, अशी त्या काळी घरोघर वाचली जाणारी पुस्तकं ताराबाई नावानिशी समोर ठेवतात आणि त्यांतल्या बायकांच्या वाट्याला आलेल्या दोषांचा हिशेब मागतात: हे कपट नेमकं कुणाचं, बाईचं की तिला लिहिणाऱ्या पुरुषाचं? ‘मंजुघोषा’ ही काही सुधारणेची कादंबरी नव्हे. अद्भुत प्रसंग, प्रेम, ताटातूट आणि पुन्हा भेट, असा तो रंजनाचा मामला. तिच्यातून कुणाला जीवनध्येय मिळावं अशी तिच्या लेखकाचीही अपेक्षा नसणार. तरी बुलढाण्यातल्या एका वाचणाऱ्या बाईनं त्या कथेतल्या बाईकडे टक लावून पाहिलं आणि तिची बाजू घेऊन कथेशीच भांडण मांडलं.

सुरतेचा खटला झाला नसता तर हे पुस्तक झालं नसतं, मग कादंबऱ्यांना श्रेय कशाला, असं कुणी म्हणेल. खटल्यानं ठिणगी पडली हे खरंच. पण तोच खटला वाचून दुसऱ्यांनी संपादकाला पत्रं लिहिली आणि विषय सोडून दिला. एका बाईच्या शिक्षेवरून साऱ्या पुरुषजातीची उलटतपासणी घेण्याइतका ऐवज ज्याच्याकडे साठलेला असतो त्यालाच असं पुस्तक लिहिता येतं, आणि तो ऐवज वर्षानुवर्षांच्या वाचनानं जमतो. जोतीराव फुल्यांनी 1885 च्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू उचलून धरली, बाकी पुण्या-मुंबईनं त्यांना इतकं विसरून टाकलं की स. गं. मालशे यांनी 1975 साली ते पुस्तक पुन्हा छापेपर्यंत बहुतेकांना नावही ठाऊक नव्हतं. जागं होण्याचा अर्थ यश मिळणं असा कुणी घेत असेल तर ताराबाईंचं उदाहरण त्याच्या कामाचं नाही.

आता दुसरं उदाहरण, आणि माझ्या लेखी जास्त महत्त्वाचं. उद्धव शेळके यांची ‘धग’ 1960 साली आली. (2012 चा त्याच नावाचा चित्रपट स्मशानात काम करणाऱ्या माणसाचा आहे, त्याचा या कादंबरीशी संबंध नाही.) अमरावतीकडच्या खेड्यातली कौतिक, तिचा नवरा महादेव, पदरात पोरं, शिंप्याचं घर. नवऱ्याच्या हातून संसार उभा राहत नाही, म्हणून कौतिक स्वतः खस्ता खाते, मुलांच्या शिक्षणावर आशा ठेवते, आणि एवढ्यात महादेवला महारोग होतो. कथा सांगायला गेलं तर चार ओळींत संपते. कादंबरी मात्र घाई करत नाही. उसनवारी, मजुरी, शेजाऱ्यांचे टोमणे, पोराचा हट्ट, अशा बारक्या गोष्टींतून ती कौतिकच्या शेजारी बसून राहते आणि वाचणाऱ्यालाही बसवून ठेवते. दुःखाचं प्रदर्शन ती मांडत नाही, लेखकानं मधे येऊन उपदेशही केलेला नाही. शेवटी कौतिकच्या झगड्याचं चीज होत नाही. ज्याला ध्येय शोधून देणारं पुस्तक हवं असेल त्याला ‘धग’ वाचून बहुधा फसल्यासारखं वाटेल.

तरीही या पुस्तकानं वऱ्हाडातल्या वाचकाला काय दाखवलं ते समजायला त्या काळचं अमरावती डोळ्यांसमोर आणलं पाहिजे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये शहराबाहेर तपोवन उभारलं होतं. ‘धग’ आली तेव्हा तपोवनाला चौदा वर्षं झालेली होती. कुष्ठरोग्यांची वसाहत, त्यांची शेती, त्यांचे उद्योग हे अमरावतीकराला माहीत होतं. वैद्यकशास्त्रही गप्प बसलेलं नव्हतं. हानसेननं 1873 सालीच या रोगाचा जंतू शोधला होता, डॅप्सोनच्या गोळ्या वापरात आल्या होत्या, हा आजार सहजासहजी एकाचा दुसऱ्याला होत नाही हेही डॉक्टरांना कळलेलं होतं. म्हणजे माहिती होती, संस्था होती, औषध होतं. नव्हतं ते एकच: रोग घरात शिरतो तेव्हा त्या घरातल्या बाईचं काय होतं याचं चित्र. कुष्ठरोगात चामडीवर एक फिकट चट्टा येतो, तिथली जाणीव जाते, चुलीवरचं तापलेलं भांडं हातानं उचललं तरी चटका कळत नाही, जखम चिघळते. हे डॉक्टर सांगू शकतो. ज्याला चटका कळत नाही त्याच्या घरच्या माणसांना मात्र गावाच्या नजरेचा चटका रोज कळत असतो. कारखाना, वसाहत, दवाखाना यांपैकी कुठल्याच आकडेवारीत त्याची नोंद होत नाही. ‘धग’ वाचलेल्या माणसाला तपोवनाच्या फाटकातून आत जाणाऱ्या रोग्यामागे त्याचं सुटलेलं घर दिसायला लागतं. त्यानंतर तो काय करील हे कादंबरी सांगत नाही. वर्गणी देईल, शेजारच्या घरी जाणं-येणं सुरू ठेवील, मुलीच्या सोयरिकीत आडवा येणार नाही, किंवा काहीच करणार नाही. पण आपल्याला माहीत नव्हतं, असं आता त्याला म्हणता येत नाही.

यात भाषेचा वाटा मोठा आहे. कौतिकच्या तोंडी वऱ्हाडी बोली आहे, आणि 1960 मध्ये ही साधी गोष्ट नव्हती. ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’, ‘पोट्टं’ हे शब्द घेऊन दर्यापूर-अकोटचा मुलगा कॉलेजसाठी पुण्याला गेला की पहिल्या आठवड्यात ते गिळायला शिकतो. नाटक-सिनेमात ही बोली आली तर नोकराच्या किंवा बावळटाच्या तोंडी. तीच बोली एका गंभीर कादंबरीत, एका कर्त्या बाईच्या तोंडी, छापील अक्षरांत समोर आली तेव्हा आपल्या घरातलं जगणं लिहिण्याजोगं आहे याची खूण वाचकाला मिळाली. पुढे नामदेव कांबळे यांनी वाशीमकडच्या दलित बाईचं जगणं ‘राघववेळ’मध्ये मांडलं (1995 चा साहित्य अकादमी पुरस्कार), सदानंद देशमुखांनी बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी घराची ‘बारोमास’ लिहिली (2004 चा पुरस्कार). कुणी कुणामुळे लिहितं झालं याचा सरळ धागा काढत बसण्यात मला रस नाही, लेखक घडतो तो अनेक गोष्टींतून. पण वाट मळलेली असली की चालणाऱ्याला कमी भीती वाटते, एवढं म्हणायला हरकत नाही. गंमत अशी की वऱ्हाडात ही वाट फार जुनी आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींना पाहिलेल्या माणसांना गाठून एकेक आठवण विचारली आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. जेवण, चालणं, कुणाचं रुसणं, कुणाचा प्रश्न, अशा लहान प्रसंगांतून एक माणूस उभा करण्याची ती रीत कादंबरीच्या फार जवळची आहे. तेही गद्यात, तेही लोकांच्या बोलीत.

शास्त्र याबद्दल काय म्हणतं, हे विचारणं रास्त आहे. 2013 साली किड आणि कास्टानो या दोन मानसशास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला: साहित्यिक कथा वाचलेल्या लोकांना नुसत्या डोळ्यांच्या छायाचित्रावरून समोरच्याची भावना जास्त अचूक ओळखता आली. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. मग 2016 मध्ये इतर प्रयोगशाळांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा हा परिणाम मिळाला नाही. 2018 साली चौदा अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले. परिणाम आहे, पण लहान, असं त्यातून निघालं. वाचनाचे गोडवे गाणाऱ्यांनी यातली पहिलीच बातमी लक्षात ठेवली, हा त्यांचा दोष. मात्र या प्रयोगांत माणसाला काही मिनिटांत वाचून होणारा मजकूर देतात आणि लगेच चाचणी घेतात. तीन आठवडे रात्री उशाला असलेली, मधे दोन दिवस बाजूला पडलेली, शेतात निंदण करताना किंवा बडनेऱ्याला गाडीची वाट पाहताना आठवलेली कादंबरी त्या चाचणीत मावत नाही. म्हणून प्रयोगांचा आधार घेऊन मी काही सिद्ध करू पाहत नाही. मात्र कादंबरी वाचली म्हणजे माणूस आपोआप दयाळू होतो हा दावा त्यांनी खोडला आहे, हे मान्य केलं पाहिजे.

त्याहून कठीण आक्षेप वऱ्हाडाच्या मातीतूनच येतो. शेंडगावचे गाडगेबाबा अक्षरशत्रू होते, आणि त्यांच्याइतका जागा माणूस या मुलखानं क्वचित पाहिला असेल. बाबा आमट्यांना वाट दाखवली ती पुस्तकानं नव्हे. पावसात गटाराजवळ पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरोग्यानं. आमटे आधी घाबरून पळाले, मग त्या भीतीचीच लाज वाटून परत आले, आणि त्यातून 1949 मध्ये महारोगी सेवा समिती व पुढे आनंदवन उभं राहिलं. मेळघाटात बैरागडला दवाखाना चालवणारे डॉ. रवींद्र कोल्हे ज्या पुस्तकाचा उल्लेख करतात ते डेव्हिड वर्नर यांचं, डॉक्टर नसलेल्या गावांसाठी लिहिलेलं आरोग्याचं पुस्तक, कादंबरी नव्हे. मग कादंबरीचं एवढं कौतुक कशाला? या तिन्ही उदाहरणांकडे जरा जवळून पाहिलं तर ती माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाहीत. कोल्हे सांगतात की त्या पुस्तकात त्यांना भिडलं ते मुखपृष्ठ: रुग्णाला खांद्यावर घेऊन चाललेली माणसं आणि कोसच्या कोस दूर असलेला दवाखाना. म्हणजे औषधांच्या यादीआधी एक प्रसंग भिडला. आमट्यांनाही प्रसंगच भिडला, आणि गाडगेबाबांच्या कीर्तनात तर ऐकणाऱ्यालाच प्रश्न विचारून त्याच्या घरचा प्रसंग उभा करण्याची हातोटी होती. माणूस हलतो तो समोर आलेल्या एका जित्याजागत्या माणसामुळे. ज्याला रस्त्यात तुळशीराम भेटला त्याला कादंबरीची गरज नाही. अडचण आपल्यासारख्यांची आहे: तुळशीराम आपल्यालाही भेटतो, आपण पळतो, आणि परत येत नाही. कादंबरीत पळता येत नाही असं नाही, पान मिटलं की झालं. पण तिथे लाज कमी वाटते, म्हणून माणूस परत पान उघडतो. आमट्यांनी जे एका झटक्यात केलं ते सामान्य माणूस अडीचशे पानांत, हप्त्याहप्त्यानं करतो.

कादंबऱ्या माणसाला भलत्या वाटेलाही लावतात, हेही खरं. गटेची ‘वेर्थर’ 1774 मध्ये आली तेव्हा तरुणांनी नायकाचा निळा कोट आणि पिवळं जाकीट घालायला सुरुवात केली. आत्महत्येचं लोण पसरेल या धास्तीनं लाइपत्सिगमध्ये पुस्तकावर बंदी आली. आपल्याकडे ‘कोसला’ (1963) वाचून पांडुरंग सांगवीकरासारखं उदास होऊन फिरणारे विद्यार्थी होऊन गेले आहेत. या सगळ्यांनी नायकाची नक्कल केली, म्हणजे पुन्हा स्वतःलाच पाहिलं. ‘अल्केमिस्ट’च्या वाचकाबद्दल जी तक्रार केली तीच इथेही लागू होते, फक्त तिथे आशा आहे आणि इथे निराशा. उलट अप्टन सिंक्लेअरची ‘द जंगल’ पाहा. शिकागोच्या कत्तलखान्यांतल्या मजुरांची दैना दाखवण्यासाठी त्यानं ती लिहिली. लोक भडकले ते आपल्या ताटात येणाऱ्या घाणेरड्या मांसावर, आणि 1906 सालीच अमेरिकेत मांस-तपासणीचा कायदा झाला. मजुरांचं काही झालं नाही, म्हणून सिंक्लेअर शेवटपर्यंत हळहळला. लेखकाच्या मनातलं काम आणि वाचकानं हाती घेतलेलं काम यांची गाठ पडेलच असं नाही. ध्येय पुस्तकात लिहिलेलं असतं असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आणि वेळ लागतो. 1907 मध्ये मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. नागपूरला धर्मांतर झालं 1956 मध्ये. ते चरित्र होतं, कादंबरी नव्हती, आणि मधल्या एकोणपन्नास वर्षांत आंबेडकरांनी अख्खं ग्रंथालय वाचलं. पण वाचनाचं बी किती काळ जमिनीत राहू शकतं याचं याहून ठळक उदाहरण सापडणार नाही. ‘रात्री वाचलं, सकाळी आयुष्य बदललं’ असं सांगणाऱ्याचं ऐकावं आणि पाच वर्षांनी पुन्हा विचारावं.

राहिला सगळ्यात बोचरा आक्षेप: कौतिक ‘धग’ वाचणार नाही. ज्यांच्याबद्दल ही पुस्तकं आहेत त्यांच्या हातात ती पडत नाहीत, मग जागं कोण होणार? याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, अर्धं आहे. कौतिकसमोर कायम एक टेबल असतं आणि टेबलाच्या पलीकडे कुणीतरी बसलेलं असतं: शाळेचा मास्तर, दवाखान्यातला बाबू, तलाठी, बँकेतला साहेब. ‘बारोमास’मधला शिकलेला, नोकरीविना शेतात अडकलेला एकनाथ ज्या दारांवरून परत फिरतो त्या दारांच्या आतही माणसंच असतात. उद्या त्या खुर्च्यांत बसणारी मुलं आज अमरावती-अकोल्याच्या अभ्यासिकांतून बसली आहेत. कापसाचा हेक्टरी उतारा, पर्जन्यमान, खारपाणपट्ट्यातले तालुके हे त्यांना पाठ आहे, आणि ते पाठ असायलाच हवं. ‘अभ्यास सोडून कादंबऱ्या कसल्या वाचता’ असं घरचे म्हणतात तेव्हा त्यांची काळजीही खोटी नसते, कारण वय निघून चाललेलं असतं. पण पिकाचा उतारा ठाऊक असलेला आणि उतारा न आलेल्या घरातली संध्याकाळ ठाऊक नसलेला अधिकारी अर्ध्याच माहितीवर सही करतो. अभ्यासक्रमात ‘बारोमास’ नाही; ती आपल्या हिमतीवर वाचावी लागते.

उरलेलं अर्धं उत्तर उद्धव शेळक्यांच्या चरित्रातच अडकून बसलं आहे. ‘धग’ची मान्यवरांनी वाहवा केली, ती अभ्यासक्रमांत लागली, तिच्यावर लेख आले. पण लेखणीवर घर चालवायचं तर एवढ्यानं भागत नव्हतं. म्हणून त्याच लेखकानं पुढे पोटासाठी लोकप्रिय कादंबऱ्यांचा ढीग लिहिला, शंभराच्या घरात जाणारा, आणि 1992 मध्ये गेला तोवर समीक्षकांनी त्या ढिगाकडे नाक मुरडून ‘धग’नंतर शेळके संपले असा निकालही देऊन टाकला होता. निकाल देणाऱ्यांपैकी किती जणांनी ‘धग’ची प्रत विकत घेतली होती, हे विचारायला हवं होतं. ढिगातली ती पुस्तकं मात्र भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानांतून वाचली गेली. कामावरून दमून आलेली, ‘धग’ ज्यांच्यावर आहे त्यांच्याच आसपासची माणसं ती वाचत होती. ती वाचून कोण कशासाठी जागं झालं याचा शोध कुणी घेतलेला नाही, आणि ‘मंजुघोषा’सारख्या रंजक पुस्तकातून ताराबाईंना काय सापडलं हे एकदा पाहिल्यावर त्या ढिगाला आधीच नालायक ठरवून मोकळं होण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.